वाळवंट रिकामे नव्हते : 'पोलिश अमीर' वात्सवाव झेवुस्कीच्या दंतकथेविरुद्ध एक लांबलचक धागा

अंगावर अरबी झगा, कमरेला वाकडी तलवार, खाली उधळलेला घोडा आणि वर ठळक अक्षरांत 'वाळवंटाचा पोलिश अमीर'. असे चित्र इतिहासप्रेमींच्या वर्तुळात वरचेवर फिरते, आणि त्यासोबत ठरावीक चार विधाने येतात. हा उमराव अरबस्तानात गेला. बेदुइनांनी त्याला अमीर केले. लेडी हेस्टर स्टॅनहोप त्याच्यावर भाळली. आणि शेवटी रणांगणातून अदृश्य होऊन तो पुन्हा आपल्या वाळवंटात परतला. मित्रहो, ही चारही विधाने आपण ज्या सुरात सांगतो त्या सुराविरुद्ध मला आज बोलायचे आहे. माणूस खरा होता आणि मोठाही होता. म्हणूनच त्याला या चित्रातून सोडवणे अगत्याचे आहे.

आधी कुळकथा, कारण तिच्यावाचून पुढचे काही उलगडत नाही.

वात्सवाव सेवेरिन झेवुस्की १७८४ साली ल्वूव येथे जन्मला. हे शहर आज ल्विव या नावाने युक्रेनमध्ये आहे. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते, कारण पोलंडचा पहिला लचका १७७२ मध्येच तोडला गेला होता. त्याचे आजोबाही वात्सवाव, पोलंडचे सेनानी आणि नाटककार. १७६७ मध्ये रशियन राजदूत रेप्निन याने या आजोबांना आणि त्यांचा मुलगा सेवेरिन याला वॉर्सातून उचलून कालुगा येथे बंदिवासात धाडले. रशियाचा असा अनुभव घेतलेल्या सेवेरिनने पुढे काय करावे? १७९२ मध्ये, नव्या राज्यघटनेने उमरावांचे जुने अधिकार कापले म्हणून, तो त्याच रशियाच्या आश्रयाने तार्गोवित्साच्या कटात पुढारी झाला. पोलिश भाषेत 'तार्गोवित्सा' हा शब्द आजही फितुरीला प्रतिशब्द म्हणून वापरतात. आपल्याकडे 'सूर्याजी पिसाळ' म्हणतात तसा. १७९४ च्या उठावात वॉर्साच्या लोकांनी फरारी कटवाल्यांच्या तसबिरीच फासावर लटकावल्या, आणि त्यांत सेवेरिन झेवुस्कीची तसबीर होती. आपला 'अमीर' त्या वेळी नऊ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी पोलंड नकाशावरून पुसला गेला.

या मुलाचे शिक्षण व्हिएन्नात झाले. तो ऑस्ट्रियाच्या घोडदळात शिरला, १८०९ मध्ये अस्पर्नच्या लढाईत नेपोलियनविरुद्ध लढला. मावशीचे यजमान यान पोतोत्स्की हे प्रवासी आणि 'सारागोसा येथे सापडलेले हस्तलिखित' या अजब कादंबरीचे लेखक. पूर्वेचे वेड या घरातून आले असे मानतात. (पोतोत्स्कींनाही दंतकथेने सोडलेले नाही. साखरेच्या भांड्याची चांदीची मूठ घासून घासून त्यांनी स्वतःसाठी बंदुकीची गोळी केली, ही गोष्ट प्रत्येक लेखात येते. त्यांच्या प्रवासवर्णनांची नावे मात्र त्या लेखांत शोधावी लागतात.)

आता पहिला दोष. झेवुस्कीने 'जगातील पहिले प्राच्यविद्या नियतकालिक काढले' असे बेधडक लिहिले जाते. वस्तुस्थिती अशी : १८०९ पासून व्हिएन्नात 'फुंडग्रुबेन डेस ओरिएंट्स', म्हणजे 'पूर्वेच्या खाणी', या नावाचे नियतकालिक निघू लागले. पैसा झेवुस्कीचा, संपादन योसेफ फॉन हामर या पंडिताचे. १८१८ पर्यंत त्याचे सहा खंड निघाले. मुखपृष्ठावर कुराणातील आयत होती, लेख अनेक भाषांतले होते, आणि ग्योथेने आपल्या 'दिवान'साठी त्यातून भरपूर वेचले. युरोपच्या भूमीवर या प्रकारचे ते पहिलेच महत्त्वाचे नियतकालिक म्हणा, माझी हरकत नाही. पण 'जगातील पहिले'? कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे 'एशियाटिक रिसर्चेस' १७८८ पासून निघत होते. मुंबईत लिटररी सोसायटी १८०४ मध्येच स्थापन झाली होती. ज्या देशात बसून आपण हे लिहितो त्याच देशातील घटना विसरून युरोपला पहिलेपण बहाल करायचे, यात कसला आला इतिहासप्रेमाचा उत्साह!

त्याच काळातील आणखी एक माणूस या चित्रात कुठेच दिसत नाही. झेवुस्कीला अरबी शिकवली ती अंतून अरीदा यांनी. हे लेबनॉनहून व्हिएन्नात आलेले मारोनी ख्रिस्ती विद्वान. 'अमीर' वाळवंटात पाऊल टाकण्यापूर्वी वर्षानुवर्षे एका अरबासमोर बसून धातू आणि रूपे घोकत होता. पण विद्यार्थ्याचे चित्र घोड्यावरच्या चित्राइतके देखणे कुठून असणार!

१८१७ मध्ये तो पूर्वेकडे निघाला. इस्तंबूल, सीरिया, इराक आणि वाळवंटाचा काही भाग, अशी ही सुमारे तीन वर्षांची भ्रमंती. हेतू कोणता? इथे दंतकथा 'स्वातंत्र्याचा ध्यास' असे उत्तर देते. कागद वेगळे सांगतात. युरोपात नेपोलियनच्या युद्धांनी घोड्यांचा फडशा पाडला होता आणि राजेरजवाड्यांच्या पागा नव्या रक्तासाठी आसुसल्या होत्या. व्युर्टेम्बर्गची राणी कॅथरीन, म्हणजे रशियाच्या झार अलेक्झांडरची बहीण, हिच्यासाठी अस्सल अरबी घोडे आणावेत हे या प्रवासाचे एक उघड प्रयोजन होते. ज्या घराण्याने आजोबांना कैद केले आणि बापाला फितुरीत ओढले, त्याच रोमानोव्ह दरबाराच्या छत्राखाली नातू अरबस्तानात गेला. या विसंगतीला बगल देणारे कोणतेही चरित्र मला अपुरे वाटते. पुढे १८१९ च्या जानेवारीत राणीच वारली. घोडे जमले होते, गिऱ्हाईक उरले नाही, आणि झेवुस्की कर्जात रुतला.

घोड्यांसाठी अरबस्तानकडे वळणारा तो पहिला पोलिश माणूसही नव्हता. १८०३ मध्ये सांगुश्को घराण्याने आपल्या स्वावुटा येथील पागेसाठी कायेतान बुर्स्की या आपल्या माणसाला पूर्वेकडे धाडले होते, आणि तो घोडे घेऊन परतलाही. बुर्स्कीवर कोणी काव्य रचले नाही. तो नोकर होता. गेला, पारख केली, सौदा केला, परतला. एकोणिसाव्या शतकात आखाताच्या बंदरांतून आपल्या मुंबईलाही अरबी घोडे गलबतांनी येत आणि पलटणींत व शर्यतींत जात. त्या व्यापाऱ्यांचीही कसीदा कोणी लिहिली नाही. अरबी घोडा ही त्या जगात रोजच्या देवघेवीची वस्तू होती. तिच्याभोवती एकट्या वीराचे गूढ कधी आणि कोणी उभे केले, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर तारखेसह देता येते. १८२८ मध्ये अदाम मित्स्क्येविच या महाकवीने 'फारिस' ही कविता लिहिली आणि पुढच्या वर्षी ती छापली. 'फारिस' म्हणजे अरबीत घोडेस्वार. कविता झेवुस्कीला, त्याच्या अरबी नावानिशी, अर्पण केलेली आहे. तीत एकच स्वार आहे. तो सर्व काही मागे टाकत धावतो. खजुरीची झाडे, गिधाड, मेघ, वादळ, कोणीच त्याला अडवू शकत नाही. वाटेत माणसे भेटतात ती मेलेल्या तांड्याची. पारतंत्र्यात घुसमटलेल्या पिढीला या कवितेने किती बळ दिले असेल हे मी जाणतो आणि ती थोर आहे हेही मान्य करतो. पण तिच्यातले वाळवंट बघा. तिथे जिवंत माणूस नाही. ते वाळवंट एका युरोपीय मनाला मोकळे धावण्यासाठी झाडून-पुसून रिकामे केलेले अंगण आहे.

आता दुसरे वाळवंट पाहू.

झेवुस्कीने प्रवासानंतर फ्रेंच भाषेत एक ग्रंथ सिद्ध केला. विषय : पौर्वात्य घोडे आणि त्यांच्यापासून निपजलेल्या जाती. तीन खंडांचे हे हस्तलिखित आज वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्यात त्याने काढलेली शेकडो चित्रे आहेत : घोडे, खोगिरे, लगाम, शस्त्रे, तंबू, माणसांचे वेश. नावावरून हे निव्वळ शालिहोत्र वाटेल, पण घोड्याच्या निमित्ताने तो टोळ्यांबद्दल लिहितो, त्यांच्या चालीरीतींबद्दल लिहितो, कोणत्या प्रदेशातला घोडा का नावाजला जातो हे सांगतो. नज्दच्या घोड्यांपुढे त्याला दुसरे काही दिसत नाही, हे खरे. वेडा माणूस होता. परंतु वेडाला शिस्त होती.

यातले एकच उदाहरण घेऊ. अरबी घोड्यांतील मानाचा वंश म्हणजे 'कुहैलान'. हा शब्द 'कुहल'पासून आला; कुहल म्हणजे डोळ्यांत घालायचे काजळ. या घोड्यांच्या डोळ्यांभोवतीची कातडी काळी, जणू काजळ रेखलेली, म्हणून हे नाव. कुहैलानचे पोटवंश आहेत आणि ते आईच्या बाजूने मोजले जातात. कोणती घोडी कोणत्या टोळीकडे, कोणत्या कुटुंबाकडे होती, तिची आई कोण, आजी कोण, हे बेदुइनांना तोंडपाठ असे. एक बाटगी जोडणी झाली की सारा वंश उतरला. विचार करा : लिखित दप्तर नाही, कचेरी नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ समाजाच्या साक्षीने जपली जाते. हे ज्ञान झेवुस्कीने शोधून काढले नाही. त्याला ते सांगितले गेले. सांगणाऱ्यांनी त्याला तंबूत बसवले, खाऊ घातले, आपली जनावरे दाखवली, आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली. त्याचे श्रेय हे की त्याने ऐकले आणि लिहून ठेवले.

कवीचे वाळवंट निर्मनुष्य आहे. झेवुस्कीच्या स्वतःच्या कागदांतले वाळवंट माणसांनी आणि घोड्यांच्या आयांनी गजबजलेले आहे. आपण मात्र त्याच्या नावाने कवीचे वाळवंट विकतो.

आणि त्या कागदांचे पुढे काय झाले? 'फारिस' १८२९ मध्ये छापून आली आणि अनेक भाषांत गेली. हस्तलिखित पडून राहिले. १९४४ मध्ये जर्मनांनी वॉर्सातील ग्रंथसंग्रहांना लावलेल्या आगीत अगणित पोथ्या गेल्या. हे तीन खंड वाचले. त्याचे समग्र प्रकाशन व्हायला २०१० चे दशक उजाडले, तेही कतारच्या संग्रहालय-संस्थेने पोलिश राष्ट्रीय ग्रंथालयाला साथ दिली तेव्हा. एक कविता वर्षभरात, एक ग्रंथ जवळजवळ दोन शतकांनी. 'दंतकथेमुळे निदान नाव तरी लोकांना कळले' असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर या तारखांत आहे. नाव कळले, आणि कळल्यावर कोणालाच पुढे वाचण्याची निकड उरली नाही. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक राजवाड्यांनी १८९८ पासून आपल्याला ओरडून सांगितला आहे. तो फक्त मराठ्यांच्या इतिहासापुरता राखून ठेवण्याचे कारण नाही.

'अमीर' या पदवीबद्दलही दोन शब्द. त्याचे अरबी नाव 'ताज अल-फख्र', म्हणजे गौरवाचा मुकुट. ताज आणि फख्र हे दोन्ही शब्द आपल्या कानांना परके नाहीत. त्याच्या मूळ स्लाव नावातील 'स्लाव' म्हणजे कीर्ती. संस्कृत 'श्रवस्'च्या कुळातलाच हा शब्द. म्हणजे नव्या नावात जुन्या नावाची छाया आहे. टोळ्यांनी सन्मान म्हणून पाहुण्याला नाव देणे आणि त्याला आपला सत्ताधीश करणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली घडली असे मानायला वाव आहे. दुसरीसाठी त्याच्याकडे टोळी हवी, चराई हवी, वैर हवे. लेडी हेस्टरच्या प्रेमाचेही तसेच. ती तेव्हा सैदाजवळच्या डोंगरात राहत होती, दोघांच्या भेटीची हकिगत सांगतात. प्रणयाचा पुरावा मागितला की एका लेखकाचे बोट दुसऱ्या लेखकाकडे वळते. १८१९–२० च्या अलेप्पोतील उठावाच्या वेळी तो त्या शहरात होता. उस्मानी सुभेदार खुर्शीद पाशाविरुद्ध अलेप्पोच्या लोकांनीच बंड केले होते. काही धाग्यांत त्या बंडाचा नायकही हाच! स्वतःच्या शहरासाठी मेलेल्यांना निदान स्वतःचे बंड तरी राहू द्या.

यावर दुसऱ्या टोकाचे मित्र टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांनाही सांगतो. एडवर्ड सैद यांचा १९७८ चा ग्रंथ वाचून, किंवा न वाचता, 'प्राच्यविद' दिसला की 'साम्राज्याचा हस्तक' असा शिक्का मारणे आता सोपे झाले आहे. सैद यांचा मुख्य रोख ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यावर होता. झेवुस्कीच्या मागे साम्राज्य नव्हते. त्याचा देशच तिघांनी वाटून घेतला होता. शिवाय पोलिश उमरावांना पूर्व काही सातासमुद्रापलीकडची नव्हती. लांब अंगरखा, रुंद कमरबंद, वाकडी तलवार हा त्यांचा स्वतःचाच जुना पोशाख, आणि आपण प्राचीन सर्मेशियनांचे वंशज आहोत ही त्यांची आवडती समजूत. पोडोलिया प्रांत तर १६७२ ते १६९९ पर्यंत उस्मानी अमलाखाली होता. याच कारणाने 'पोलंडचा लॉरेन्स' हे बिरुदही फसवे आहे. लॉरेन्सच्या थैलीत ब्रिटिश सरकारचे सोने होते.

झेवुस्कीच्या थैलीत कोणाचे होते? इथे मी त्याला सोडणार नाही.

पैसा जहागिरीचा होता. पुढे तो साव्रान येथे, रशियाच्या ताब्यातील पोडोलियात, राहू लागला. तिथे त्याने अरबी घोडे पोसले, दाढी वाढवली, कोझाक पथक बाळगले, तोरबान हे तंतुवाद्य वाजवणारा विदोर्त आणि पादुरा नावाचा कवी पदरी ठेवला, युक्रेनी भाषेत गाणी रचवली, आणि अमीरच्या जोडीला कोझाकांचा सरदार म्हणून 'रेवुखा' हे नाव मिरवले. हे सारे मोहक आहे. पण शेत कसणारे युक्रेनी भूदास होते. जमिनीबरोबर विकले जाणारे, आठवड्याचे ठरलेले दिवस धन्याच्या शेतावर राबणारे. रशियन साम्राज्यात भूदासपद्धती १८६१ पर्यंत टिकली. बेदुइनांच्या स्वातंत्र्यावर हा माणूस भाळला, कोझाकांच्या जुन्या स्वातंत्र्यावर गाणी बांधून घेतली, आणि त्याच्या नांगरामागे स्वतंत्र माणूस नव्हता. माझ्या मते घोड्यांच्या शुद्ध वंशावळीचे त्याला वाटणारे अप्रूपही काही अंशी यातूनच येते. ज्याचा सारा अधिकार कुळावर उभा, त्याला कुळ सांगणारा घोडा आपला वाटणारच.

नोव्हेंबर १८३० मध्ये वॉर्सात रशियाविरुद्ध उठाव झाला. तो मे महिन्यात पोडोलियात पोहोचला, तेव्हा झेवुस्की आपले कोझाक पथक घेऊन सामील झाला. तार्गोवित्सावाल्याचा मुलगा रशियाविरुद्ध उभा राहिला, आणि यात मला त्या सगळ्या अरबी पोशाखांहून अधिक नाट्य दिसते. वाळवंटात त्याने काही पणाला लावले असेल-नसेल. इथे त्याने जहागीर, घराणे आणि प्राण पणाला लावले. १४ मे १८३१ रोजी दाशूव्ह येथे बंडखोर हरले. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

दोन गोष्टी पसरल्या. एक अशी की त्याच्याजवळच्या सोन्यासाठी त्याच्याच कोझाकाने त्याला मारले. दुसरी अशी की तो अरबस्तानात परतला. स्वोवात्स्की या दुसऱ्या महाकवीनेही त्याच्यावर काव्य रचले आणि दंतकथेचा पाया पक्का केला. दुसरी गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण तिच्यात प्रेत नाही, कर्ज नाही आणि भूदास नाहीत. पहिली खरी आहे असे मी म्हणत नाही. परंतु तीत निदान सोने कोणाचे आणि त्या सोन्याकडे कोण पाहत होते हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो पोडोलियाच्या मातीतला प्रश्न आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ते चित्र कोणी पाठवले, तर वर 'अमीर' लिहिलेले असेल तिकडे दुर्लक्ष करा. खालच्या घोड्याचा वंश कोणता, त्याची आई कोणाच्या तंबूत वाढली, ते विचारा. झेवुस्कीनेही तेच विचारले होते.